बी.एड.च्या पाठ टाचणात तंत्रज्ञान आणताना

बी.एड. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कुणालाही ‘तुमच्याकडे आयसीटी आहे का?’ असे विचारा (आयसीटी म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान), उत्तर ‘आहे’ असेच मिळेल. असावेच लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले. त्याच्या आराखड्यात आयसीटीचा स्वतंत्र ‘ईपीसी ३’ हा पेपर आला आणि महाविद्यालयात आयसीटी संसाधन केंद्र असणेही अपेक्षित झाले. आमच्याकडे दोन्ही होते. केंद्राच्या दारावर पाटी होती, आत संगणक होते, पेपर ५० गुणांचा होता आणि मुले त्यात चांगल्या गुणांनी पास होत होती. तीच मुले सराव पाठाला उभी राहिली की हातात खडू, भिंतीवर नकाशा आणि टाचणातल्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातल्या, ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात ‘पीपीटी’ एवढेच लिहिलेले. ती पीपीटीसुद्धा पाठ्यपुस्तकातला परिच्छेद मोठ्या अक्षरात.

हा पेपर आणि सराव पाठ यांच्यातली भिंत पाडण्याचे काम जून २०२३मध्ये प्राचार्य मॅडमनी माझ्याकडे दिले. २०२३-२५ची तुकडी आता बाहेर पडली आहे. सुरुवातीला मी बराच शोध घेतला तेव्हा धोरणाची भाषा भरपूर सापडली, शोधनिबंधही सापडले. पण ‘सोमवारी कॉलेजात गेल्यावर आधी कुणाला भेटायचे’ हे कुणी लिहिलेले नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न अधिकाराचा होता. संलग्नित महाविद्यालयाला अभ्यासक्रमात एक ओळही बदलता येत नाही. बदल अभ्यास मंडळाकडून निघतो, तिथून विद्याशाखेकडे आणि मग विद्या परिषदेपुढे जातो. त्या वाटेने गेलो असतो तर आमची तुकडी नोकरीला लागली असती आणि प्रस्ताव अजून विषयपत्रिकेवरच असता. म्हणून अभ्यासक्रमाची प्रत छापून घेतली, पेन्सिल घेऊन बसले आणि महाविद्यालयावर सोडलेल्या गोष्टी तेवढ्या अधोरेखित केल्या. अंतर्गत गुणांची विभागणी, प्रात्यक्षिकांचे स्वरूप, टाचणाचा नमुना, पाठ निरीक्षणाचा तक्ता. यादी छोटी निघाली, पण तीच कामाची होती. वर्गात काय घडते ते शेवटी टाचणाचा नमुना आणि निरीक्षणाचा तक्ता हेच ठरवतात, कारण मुले त्यांच्याकडे बघूनच तयारी करतात.

निरीक्षण तक्त्यात एक रकाना वाढवला तर चालेल का, असे पत्र विद्यापीठाच्या संबंधित विभागाला पाठवले. उत्तर गणपतीनंतर आले, तेही फोनवर: एकूण गुण बदलू नका, बाकी तुमचे तुम्ही बघा. अशा तोंडी उत्तरावर थांबू नका. त्याच दिवशी ‘आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार आम्ही पुढीलप्रमाणे करत आहोत’ अशी ईमेल पाठवा, प्रिंट काढून आवक-जावकला नोंदवा. त्या ईमेलला उत्तर आले नाही तरी चालते, ती फाइलला असली म्हणजे झाले. दीड वर्षाने बाह्य परीक्षकांनी तक्त्याबद्दल विचारले तेव्हा तोच कागद पुढे केला.

खरेदीचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यात शिकण्यासारखे फार नाही, सोसण्यासारखे आहे. संस्थेच्या मनात मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल होता. एका विक्रेत्याने येऊन झकास प्रात्यक्षिकही दाखवले. माझे म्हणणे असे की पॅनल एका खोलीत राहतो आणि आमची मुले ज्या शाळांत जाणार तिथे तो असेलच असे नाही. शेवटी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीत पॅनल आला तो आलाच, आणि माझी यादी वेगळी मंजूर झाली: मोबाइल अडकवायची सोय असलेले ट्रायपॉड, कॉलरला लावायचे वायरचे माइक, लांब एचडीएमआय केबल, एक राउटर, चांगले एक्स्टेन्शन बोर्ड. सगळे मिळून १२,००० रुपयांच्या आत. पण तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या आणि पुरवठा आदेश हे सगळे १२,०००लाही लागते. त्यात पावसाळा गेला. वस्तू आल्या की साठा नोंदवहीचा पान क्रमांक बिलावर लगेच टाकून घ्या. लेखापरीक्षक पहिल्यांदा तोच विचारतात.

समांतर चालू होते ते ईमेलचे काम. प्रत्येकाच्या खासगी जीमेलवर काम चालवले तर १५ जीबीची जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. मुलांच्या फोनमधले लग्नाचे फोटोच ती भरून टाकतात. गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मूळ सेवा मोफत आहे, पण त्यासाठी संस्थेचे स्वतःचे डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) आणि मान्यतेचा पुरावा लागतो. ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ ही डोमेन अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, संस्थेच्या लेटरहेडवर प्रमुखांच्या सही-शिक्क्याचे पत्र आणि मान्यतेचा आदेश जोडायचा. आमचा मान्यता आदेश जुन्या नावाने होता आणि मधल्या काळात संस्थेच्या नावात दोन शब्द वाढले होते, त्यामुळे नावबदलाचा कागद शोधण्यात दिवाळी आली. तुमच्या संस्थेचे नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखे आहे का, हे अर्ज करण्याआधी बघा.

आणखी एक अडथळा असा की ज्याचा उल्लेख कुठल्याच मार्गदर्शिकेत नव्हता. आमच्या विभागाची वर्षानुवर्षांची टिपणे, प्रश्नसंच, टाचणांचे नमुने असे सगळे जुन्या फॉन्टमध्ये होते. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख. ती फाइल फोनवर उघडली की रोमन अक्षरांची भेळ दिसते. मुलांचे सगळे काम फोनवर होणार, म्हणजे युनिकोडशिवाय (कुठल्याही उपकरणावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीशिवाय) गत्यंतर नव्हते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जागा ती हमखास चुकवतात. मजकूर माणसानेच वाचून काढावा लागतो. आम्ही सगळे रूपांतरित करायचा हट्ट सोडला. जे चालू वर्षी वापरायचे तेवढेच केले. टायपिंगची भीती असणाऱ्या सहकाऱ्यांना फोनमधल्या जीबोर्ड या कळफलकावर मराठीत बोलून लिहायला दाखवले, आणि मला वाटते या दोन वर्षांत शिक्षक वर्गाला सर्वांत जास्त आवडलेले तंत्रज्ञान तेच.

सीईटीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे तुकडी पूर्ण भरेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. पहिल्या आठवड्यात एक साधी प्रश्नावली दिली, ती कागदावरच. ऑनलाइन फॉर्म दिला असता तर ज्यांना तो भरता येत नाही त्यांचीच माहिती हुकली असती. स्मार्टफोन जवळजवळ सगळ्यांकडे होता, लॅपटॉप मोजक्यांकडे. काही मुलींनी लिहिले होते की फोन घरात सगळ्यांचा आहे, संध्याकाळी मिळतो. एक-दोघांनी लिहिले की रोजचा डेटा दुपारपर्यंत संपतो. ही उत्तरे वाचून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक काम फोनवर करता आले पाहिजे, इंटरनेट लागणारे काम महाविद्यालयाच्या वेळेतच व्हावे, आणि रात्री अकराची मुदत कुणालाही द्यायची नाही.

आता अवघड भाग, म्हणजे आम्ही शिक्षक. आयसीटीचा पेपर माझ्याकडे, म्हणून तंत्रज्ञान माझे, अशी वाटणी वर्षानुवर्षे झालेली होती. मेथडच्या, म्हणजे एकेका शालेय विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या, सरांना त्यात पडायचे कारण नव्हते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६मध्ये मांडलेला टीपॅक हा आराखडा आम्ही सगळेच शिकवतो. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वर्तुळे, आणि महत्त्वाचे ते तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे. फळ्यावर ती वर्तुळे काढताना माझ्या मनात यायचे की आमचे वेळापत्रक नेमके या आकृतीच्या उलटे आहे: तीन वर्तुळे, तीन तासिका, तीन शिक्षक आणि मध्ये मधली सुट्टी. म्हणून जानेवारी २०२४पासून आठवड्यातून एक जोडतासिका अशी मागून घेतली की तिच्यात मेथडचे शिक्षक आणि मी दोघेही वर्गात असू. वेळापत्रकातली ही एक जागा मिळवायला सगळ्या खरेदीपेक्षा जास्त बोलावे लागले. कार्यभाराच्या तक्त्यात दोन शिक्षकांची एकच तासिका कशी दाखवायची हा प्रश्न कारकुनांनी काढला, आणि तो रास्तच होता. एकाची तासिका, दुसऱ्याचे प्रात्यक्षिक मार्गदर्शन, अशी नोंद करून तो सुटला.

इतिहास मेथडचे सर आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, ‘मॅडम, पडद्यावर चित्र आले की मुलं गप्प होतात. तुम्ही त्याला लक्ष म्हणता, मी त्याला प्रश्न बंद पडणं म्हणतो. आपण कोण बरोबर ते कसं ठरवायचं?’ मला हा प्रश्न इतका आवडला की आम्ही त्याचेच प्रात्यक्षिक केले. फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आम्ही पेपरात शिकवतो, पण ती कुणी वापरताना फारसे दिसत नाही. दर तीन सेकंदांनी वर्गातल्या बोलण्याला दहापैकी एक क्रमांक द्यायचा. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. प्रत्यक्ष वर्गात हे करताना नोंदणाऱ्याची तारांबळ उडते. पण चित्रफीत असली की थांबवत थांबवत करता येते. सहा मिनिटांच्या पाठाच्या १२० नोंदी होतात. एकाच छात्राध्यापकाचे (बी.एड.च्या विद्यार्थ्याचे) स्लाइडसह आणि स्लाइडविना असे दोन पाठ मुलांनीच नोंदवले. स्लाइडच्या पाठात पाचव्या प्रकाराची, म्हणजे व्याख्यानाची, रांग लांबच लांब आणि आठ-नऊ जवळपास रिकामे. सर काही बोलले नाहीत, फक्त तक्ता भिंतीवर लावायला सांगितला. त्यानंतर आमच्या निरीक्षण तक्त्यात एक ओळ आली: चित्रफीत किंवा स्लाइड कुठे थांबवली आणि तिथे कोणता प्रश्न विचारला. ‘तंत्रज्ञान वापरले : होय/नाही’ हा जुना रकाना त्याच दिवशी गेला.

माझ्या मते या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त फळ दिले ते सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेक कौशल्य घेऊन सहाध्यायींपुढे दिलेल्या काही मिनिटांच्या पाठाच्या) चित्रणाने, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. गंमत अशी की यात नवे काहीच नाही. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन आकाराला आणले, तेव्हापासून चित्रफीत त्याच्या जोडीला होती. भारतात आणताना साधनांचा तुटवडा लक्षात घेऊन कॅमेऱ्याच्या जागी निरीक्षक सहाध्यायी बसवले गेले. ते त्या काळी शहाणपणाचेच होते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आम्ही अजून तुटवड्याच्याच पद्धतीने चालवत होतो.

भारतीय प्रारूपाचे चक्र ३६ मिनिटांचे: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. चित्रणामुळे यातला एक तुकडाच बदलतो. प्रत्याभरणाच्या सहा मिनिटांत सहा मिनिटांची फीत पूर्ण बघता येत नाही, हे उघड आहे. म्हणून असे बसवले की निरीक्षकाने पाठ चालू असताना घड्याळातली वेळ लिहायची, आणि प्रत्याभरणात फक्त त्या दोन-तीन जागा उघडायच्या. ‘तू प्रबलन (शाबासकी, प्रोत्साहन) देत नाहीस’ असे सांगण्यापेक्षा दोन मिनिटे दहा सेकंदांवर थांबवून ‘इथे ती मुलगी बरोबर बोलली, तू काय केलंस?’ असे विचारले की वाद संपतो. पूर्ण फीत घरी, एकट्याने बघायची. पहिल्यांदा बहुतेकांना स्वतःचा आवाज ऐकवत नाही. एकीने मला विचारले, ‘मॅडम, मी सारखी “बरं का” म्हणते, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?’ आम्ही सांगितले होते. तिच्या वहीत शेरा होता.

तांत्रिक बाजूने एवढेच सांभाळा. चित्रण ७२०पीवर ठेवा. सहा मिनिटांची फीत साधारण साडेतीनशे एमबीच्या आसपास बसते, उगाच फोरके ठेवलेत तर फोन भरतो. चित्रण सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन सज्जता प्रवर्तनात (पाठाच्या सुरुवातीला मुलांना तयार करताना) आईचा फोन येतो. फोन आडवा धरा आणि फळा व शिक्षक दोघेही चौकटीत येतील असे बघा. आवाज हाच खरा प्रश्न असतो. पंख्याखाली ठेवलेल्या फोनमध्ये पंखाच ऐकू येतो. वायरचा साधा कॉलर माइक पुरतो, फक्त फोनला जुने गोल छिद्र आहे की टाइप-सी आहे ते आधी बघून घ्या. फिती इंटरनेटवर चढवायच्या भानगडीत पडू नका. केबलने केंद्रातल्या संगणकावर घ्या आणि ‘तारीख-हजेरी क्रमांक-कौशल्य’ असे नाव द्या. फाइलला नाव देण्याची शिस्त लावायला आम्हाला संपूर्ण फेब्रुवारी लागला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मी आजही म्हणेन.

मग मेथडनिहाय काम सुरू झाले. गणितवाल्यांना जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून बघण्याचे सॉफ्टवेअर दिले. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० अंशच राहते, हे बघून छात्राध्यापक हरखतात. पण दशांश दोन स्थळांपर्यंतच दाखवले जात असल्याने कधी ३३.३३, ७३.३३ आणि ७३.३३ असे दिसते. सराव पाठात एका मुलाने बेरीज केली आणि म्हणाला, ‘सर, १७९.९९.’ पाठ तिथेच अडला. नंतरच्या चर्चेत गणिताच्या मॅडमनी त्याच क्षणावर अर्धा तास घेतला: मापन आणि सिद्धता यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगली संधी कुठली? आता टाचणात ती जागा मुद्दाम ठेवली जाते. कागदाचे कोपरे फाडून जोडणे आधी, जिओजेब्रा नंतर, सिद्धता शेवटी.

विज्ञानात कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन वापरली. त्यांतली अनेक मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. तिथे परिपथ जोडला की दिवा लागतोच. प्रयोगशाळेत तार सैल असते, सेल उतरलेला असतो, आणि दिवा का लागला नाही हे शोधण्यात खरे विज्ञान असते. म्हणून आम्ही सिम्युलेशनला प्रयोगाच्या जागी बसवले नाही, प्रयोगानंतर ठेवले. भूगोलासाठी इस्रोचे ‘भुवन’ उघडले. उपग्रहचित्रात गाव दिसले की मुले आपले घर शोधू लागतात आणि तास हातातून जातो. पहिली पाच मिनिटे घर शोधायलाच द्या, मग नदीकडे वळा. मराठी मेथडला सर्वांत साधे काम होते आणि सर्वांत सुंदर झाले: कवितेचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकायचे, यती (ओळीतला विराम) कुठे चुकली ते लिहायचे आणि पुन्हा वाचायचे.

दीक्षा या शासकीय शैक्षणिक अॅपच्या बाबतीत एक सूचना. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड सगळ्यांना माहीत आहेत, पण शिक्षक ते ‘लावून देतात’. आम्ही प्रत्येकाला एक धडा दिला आणि त्याच्या कोडमागचे साहित्य बघून एक पानभर परीक्षण लिहायला सांगितले. किती मिनिटांचे आहे, भाषा त्या इयत्तेची आहे का, कुठे थांबवाल, काय वगळाल. काहींनी निष्कर्ष काढला की या धड्याला ही फीत लावू नये. त्यांना पूर्ण गुण दिले.

पहिल्या वर्षाच्या शेवटाकडे टाचणे एकाएकी गुळगुळीत होऊ लागली. उद्दिष्टे सगळ्यांची सारखी, वाक्यांचा शेवट ‘मदत होईल’ असा, आणि पाठ्यपुस्तकात नसलेले उपक्रम. चॅटजीपीटी आमच्या तुकडीपर्यंत पोचले होते. बंदी घालावी अशी सूचना आली. ती अमलात कशी आणणार, हे कुणाला सांगता येईना. त्याऐवजी एक काम दिले: एआयकडून टाचण लिहवून घ्या, छापा, आणि पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून लाल पेनने तपासा. इयत्ता नववीच्या एका धड्याच्या टाचणात त्या धड्यात नसलेला प्रसंग घातलेला निघाला, तोही आत्मविश्वासाने. शिवाय प्रत्येक पाठाआधी दोन मिनिटांची तोंडी विचारणा ठेवली: हा प्रश्न इथेच का, आणि मुलाने चुकीचे उत्तर दिले तर पुढे काय? टाचण कुणी लिहिले हे आम्ही विचारत नाही. ज्याने विचार केलेला नसतो तो दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

दुसरे वर्ष म्हणजे आंतरवासिता, सोळा आठवडे शाळेत. इथे आमच्या सगळ्या तयारीची शाळांच्या नियमांशी गाठ पडली. बऱ्याच शाळांत वर्गात मोबाइल नेण्यास मनाई, आणि छात्राध्यापकांनाही तोच नियम. काही जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही होता, रिमोट मात्र कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. यावर उपाय एकच, आधी जाऊन भेटणे. ऑगस्ट २०२४मध्ये आम्ही प्रत्येक शाळेसाठी प्राचार्यांच्या सहीचे वेगळे पत्र नेले. त्यात कोणते उपकरण, कोणत्या तासिकेत, कुणाच्या जबाबदारीवर, हे स्पष्ट लिहिले. मुख्याध्यापकांनी त्याच पत्राच्या दुय्यम प्रतीवर ‘परवानगी आहे’ लिहून सही-शिक्का दिला. ती प्रत छात्राध्यापकाने रोज सोबत ठेवायची, कारण पर्यवेक्षकांना ती माहीत असेलच असे नाही.

चित्रणाचा प्रश्न जास्त नाजूक. महाविद्यालयात सहाध्यायींसमोर केलेले चित्रण वेगळे आणि शाळेतली लहान मुले वेगळी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या लेकराचा चेहरा आपल्या फोनमध्ये का असावा? आम्ही नियम केला: फोन वर्गाच्या मागच्या भिंतीशी, चौकटीत शिक्षक आणि फळा, मुलांच्या फक्त पाठी. तरीही पालकांसाठी मराठीत अर्ध्या पानाचे संमतिपत्र केले, त्यात ‘परीक्षेनंतर चित्रण पुसले जाईल’ असे लिहिले, आणि खरेच पुसले. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर वर्गाचा फोटो टाकायचा नाही, हे मात्र सारखे सांगावे लागते.

जिथे वीज, टीव्ही, परवानगी यांपैकी काहीच नव्हते तिथे तंत्रज्ञान तयारीतच राहिले, आणि आम्ही त्याचेही गुण दिले. एका छात्राध्यापिकेने ई-बालभारतीवरची पुस्तकांची पीडीएफ आणि मराठी विश्वकोशातली नोंद वाचून पाणलोटावरचा पाठ बांधला आणि वर्गात फक्त खडू वापरला. तिच्या टाचणातला तंत्रज्ञानाचा रकाना तुकडीतला सर्वांत चांगला होता. प्रत्येक पाठाला दुसरी वाट लिहिलेली असलीच पाहिजे, असा आमचा दंडक आहे: वीज गेली तर काय. ती लिहिलेली नसेल तर टाचणावर सही नाही.

एप्रिल २०२५मध्ये अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा. आमचे काम फोल्डरांत होते आणि विद्यापीठाला फाइल हवी होती, छापलेली, बांधलेली. यावर रागावून उपयोग नाही. आम्ही प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक पानाची अनुक्रमणिका लावली, तिच्यावर क्यूआर कोड छापला, आणि तेच सगळे पेन ड्राइव्हवर व केंद्रातल्या संगणकावरही ठेवले. कोड कुणी स्कॅन केला नाही. पण एका परीक्षकांनी सूक्ष्म अध्यापनाचा पहिला आणि शेवटचा पाठ शेजारी शेजारी दाखवायला सांगितले, आणि इंटरनेट बंद असतानाही ते दाखवता आले. छपाईचा खर्च प्रत्येकी तीनशे-चारशेच्या घरात गेला. तो मुलांनीच सोसला, आणि हे मला पटलेले नाही. पुढच्या तुकडीसाठी दुतर्फा छपाईची परवानगी मागणारे पत्र दिले आहे.

जूनमध्ये साठा पडताळणी झाली. ट्रायपॉड शाबूत, माइकांच्या वायरी मात्र बऱ्याच तुटल्या. या वेळी वायरलेस माइक मागितले आहेत, तीन दरपत्रके आली आहेत आणि तुलनात्मक तक्ता खरेदी समितीपुढे आहे. पाठ निरीक्षणाचा नवा तक्ता अभ्यास मंडळातल्या एका सदस्यांनी मागवून घेतला होता. तोही पाठवला आहे, जावक क्रमांकासह.